रिंगला दोष द्यायचा नाही

"माझ्या हाताखालची मुलगी फ्री थ्रो चुकवत नाही," मॅडम वार्ताहराला म्हणाल्या. "हवं तर डोळे बांधून बघा."

वार्ताहर नोकरीत नवा होता. लोक बोलतात ते खरं मानायची त्याची सवय अजून गेली नव्हती. त्याने खिशातून रुमाल काढला.

"मॅडम, खरंच बांधायचे?" कॅप्टन कुजबुजली. तिला सगळं कॉलेज जिराफ म्हणायचं आणि तीही मान उंच करूनच ओ द्यायची.

"बांध गं. श्वास सोड आणि टाक. पद्धत आहे ना आपली?"

जिराफने श्वास सोडला, मग बॉल सोडला. बॉल रिंगकडे गेलाच नाही. तो दाराकडे गेला. तिथे प्राचार्य फोटोत यायच्या बेताने चहाचा कप घेऊन उभे होते. पेपरात जो फोटो छापून आला त्यात प्राचार्यांचे दोन्ही हात वर होते, कप हवेत होता आणि खाली ओळ होती, 'महाविद्यालयात उत्साहाचे वातावरण'.

रुमाल सोडल्यावर मात्र जिराफने एकामागून एक असे बॉल टाकले की जाळीला दम खायला वेळ मिळेना. तिच्यामागून भिंगरी आली. संघातली सगळ्यात बुटकी, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात जास्त बोलणारी. तिनेही टाकले, बोलत बोलत टाकले. वार्ताहराने मान डोलावली आणि बातमीला मथळा दिला, 'श्वासाची किमया'.

मॅडमनी ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाहेरून चिकटवायचं होतं, पण घरात नवरा होता.

बास्केटबॉल मॅडमच्या गळ्यात पडला होता तो अपघातानेच. त्या आल्या होत्या मुलींना कवायत शिकवायला. मुलींचा एखादा खेळ दाखवायला हवा, असं तेव्हाच्या प्राचार्यांना कुणीतरी वरून सांगितलं होतं. हॉलच्या भिंतीतून दोन रिंगा बाहेर आल्या होत्या, त्या काढायला खर्च आला असता. मग खेळ ठरला. ज्या मुली उंच होत्या आणि ज्यांना वेळेवर सबब सुचली नाही, त्यांचा संघ झाला.

पहिल्या सामन्यातला पहिला बास्केट मॅडमच्याच मुलीने मारला. आपल्याच रिंगमध्ये. वर हात उंचावून ती कोर्टभर धावली. समोरच्या संघाने मनापासून टाळ्या वाजवल्या. मध्यंतराला ती विचारायला आली, "मॅडम, आपण नक्की कुठल्या बाजूला टाकायचं असतं?" त्या दिवसापासून तिचं नाव होकायंत्र पडलं.

सामना अर्थातच हरल्या. कपडे बदलताना मुली कुरकुरायला लागल्या, की रिंग वाकडी आहे, रिंग कडक आहे, रिंग अमुक आणि रिंग तमुक. मॅडम तेव्हा तरुण होत्या आणि त्यांना काहीतरी लक्षात राहण्यासारखं बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. हरल्यावर रिंगला दोष द्यायचा नाही."

वाक्य चांगलं होतं. पुढे सबंध नोकरीभर ते उपयोगी पडलं, कारण हरायचे प्रसंग भरपूर आले.

मुली येत, शिकत, जरा कुठे जमायला लागलं की परीक्षा देऊन निघून जात. दरवर्षी नव्याने सुरुवात. मॅडमना कधी कधी वाटायचं, आपण पाटीवर लिहितोय आणि मागून कुणीतरी ओला कपडा घेऊन येतंय. रस्त्यात एखादी कडेवर पोर घेतलेली बाई हाक मारायची, "मॅडम, ओळखलंत?" चेहरा मुळीच आठवायचा नाही. मग मॅडम म्हणायच्या, "जरा बॉल टाकल्यासारखा हात कर बघू." बाई भर बाजारात, पिशवी सावरत, हात करायची. मनगट बघितलं की मॅडमना नाव, वर्ष आणि तिने चुकवलेला सामना, सगळं आठवायचं.

नवरा दातांचा डॉक्टर होता. कोपर लागून दात हललेल्या मुली मॅडम त्याच्याकडेच पाठवायच्या. "आमचा घरचाच उद्योग आहे," तो पाहुण्यांना सांगायचा. "ही पाडते, मी बसवतो."

अशी सगळी वर्षं गेली आणि निवृत्तीचं वर्ष आलं. संघाने अंतिम सामना कधी खेळला नव्हता. कॉलेजच्या काचेच्या कपाटात वक्तृत्वाचे चषक होते, बुद्धिबळाचा होता, रांगोळीचासुद्धा होता. बास्केटबॉलच्या जागी प्राचार्यांनी फुलदाणी ठेवली होती. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून गोडीत सांगितलं, "तुम्ही गेल्यावर पद भरावं की नाही, असा विचार चाललाय. हॉल परीक्षांना उपयोगी पडेल. काय आहे, मॅडम, चषक आला असता तर गोष्ट वेगळी."

"आणला तर?"

"आणला तर भरू की," प्राचार्य हसून म्हणाले. मॅडमचा इतिहास त्यांना ठाऊक होता.

त्याच वर्षी हॉलला नवा लाकडी फ्लोअर आला. संस्थेच्या अध्यक्षांनी कुठेतरी तसला बघितला होता आणि प्राचार्यांनी तो जातीने निवडला. जुना सिमेंटचा फ्लोअर उखडायचा त्रास नको म्हणून कामगारांनी त्याच्यावर लाकडी पट्ट्या टाकल्या, पट्ट्यांवर फळ्या ठोकल्या, फळ्यांना चकाकी दिली. अध्यक्ष आले, फीत कापली, दोन पावलं चालले आणि घसरले. बाकी समारंभ छान झाला.

आणि मॅडमच्या मुली जिंकायला लागल्या.

बाकीच्या कॉलेजांच्या हॉलना गळती होती, नाहीतर तिथे परीक्षा होत्या. आयोजकांनी चकचकीत फ्लोअर बघून या गटाचे सगळे सामने इथेच लावले. आलेला प्रत्येक संघ टाकायचा, बॉल रिंगच्या मागच्या कडेवर थाडकन आपटायचा आणि बाहेर उडायचा. मॅडमच्या मुलींचे मात्र अलगद आत. होकायंत्र आता दुसऱ्या एका कॉलेजची प्रशिक्षक होती, तिचा संघ सगळ्यांत तगडा. तोही इथे येऊन हरला.

"त्यांचा श्वास चुकतो," मॅडम सांगायच्या. श्वासाची पद्धत त्यांनी यंदाच काढली होती. सकाळच्या योगासनांत सुचली होती. योगासनांचा आणखीही एक फायदा दिसत होता. मॅडम मैदानाच्या कडेला बाकावर न बसता लायब्ररीतून उचललेल्या एका उंच स्टुलावर बसायच्या. बॉल रिंग आणि बोर्डाच्या बेचक्यात अडकला की त्याच स्टुलावर चढून झाडूच्या दांड्याने ढोसायच्या. यंदा दांडा लागतच नव्हता. नुसता हात वर केला की बॉल हाताला लागायचा.

"अहो, मी उंच झालेय," त्यांनी घरी जाहीर केलं. "पाठीचा कणा मोकळा होतो. माणूस पन्नाशीनंतरही वाढतो."

"वाढतो की," नवरा म्हणाला. "पण रुंदीला."

अंतिम सामना दुसऱ्या गटातल्या विजेत्यांशी होता, आणि होता होकायंत्राच्या कॉलेजात, कारण तिथे प्रेक्षकांना बसायला पायऱ्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी सरावाला मॅडम संघ घेऊन पोचल्या, स्टुलासकट.

जिराफने पहिला फ्री थ्रो टाकला. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागला आणि पायाशी आला. दुसरा जाळीला खालून चाटून गेला. भिंगरी म्हणाली, "सर, मी बघते," (घाईत ती मॅडमनाही सर म्हणायची) आणि तिने टाकला तो रिंगपर्यंत पोचलाच नाही. मग सगळ्याच टाकायला लागल्या. कुणाचाही आत जाईना. एकीचा कसाबसा वर गेला तो बेचक्यात अडकून बसला.

"श्वास!" मॅडम ओरडल्या. "श्वास कुठे गेला तुमचा?"

"इथेच आहे, मॅडम," भिंगरी म्हणाली. "बॉलच जात नाहीये."

मॅडम तणतणत स्टुलावर चढल्या आणि त्यांनी हात वर केला. बॉल लागला नाही. टाचा उचलल्या. नाही लागला. हात, पाठ, कणा, सगळं ताणून बघितलं. बोटं आणि बॉल यांच्यामध्ये चांगली पाच बोटं हवा होती.

"मॅडम, तुम्ही आज बुटक्या दिसताय," भिंगरी म्हणाली.

मॅडम उतरल्या नाहीत. हात वर तसाच ठेवून उभ्या राहिल्या. लाकडी पट्ट्या, त्यावर फळ्या, त्यावर चकाकी. फ्लोअर वर आला होता आणि रिंगा भिंतीत होत्या तिथेच होत्या. मॅडम वाढल्या नव्हत्या. जमीन वाढली होती.

स्टूल पकडायला कुणीतरी धावत आलं. खाली बघितलं तर होकायंत्र.

"उतरा, मॅडम. पडाल."

मॅडम उतरल्या. हळूच म्हणाल्या, "आमची रिंग खाली आहे गं."

"हो," होकायंत्र म्हणाली. "मला तिथे अगदी शेवटच्या बॉलला कळलं."

"मग बोलली का नाहीस? हरून गेलीस गुपचूप!"

"हरले होते म्हणूनच नाही बोलले." ती हसली. "तुम्हीच शिकवलंय ना, हरल्यावर रिंगला दोष द्यायचा नाही."

 आयुष्यभर जे वाक्य मॅडमनी मुलींच्या डोक्यात भरलं, ते बहुतेक जणी दारातच झटकून जात असतील असं त्यांना वाटायचं. एकीने ते जपून ठेवलं होतं आणि नेमकं नको तिथे वापरलं होतं.

 संध्याकाळी जेवताना नवऱ्याने दोनदा ताटात वाढलं, दोनदा त्यांनी खाल्लं आणि काय खाल्लं ते त्यांना कळलं नाही.

"सांगू का मुलींना?" शेवटी त्यांनी विचारलं. "सांगितलं तर उद्या पाय गळतील. यंदा आपण जिंकलो ते फ्लोअरमुळे, असं म्हणतील. नाही सांगितलं तर बिचाऱ्या बुटक्या रिंगच्या हिशोबाने टाकत राहतील, आणि आपल्यातच खोट आहे असं समजतील. आणि चषक गेला की संघच जातो, अहो."

"मी पेशंटला सांगतो," नवरा म्हणाला. "दात किडलाय म्हणून सांगितलं की आधी रडतात. मग आ करतात. न सांगता पक्कड घातली तर चावतात."

"आणि श्वासाचं काय? पेपरात आलंय ते!"

"त्याची काळजी करू नकोस. तो पेपर मी दवाखान्यात ठेवलाय. तिथे कुणी वाचत नाही, सगळे घाबरलेले असतात."

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मॅडमनी सांगितलं. फ्लोअर, फळ्या, पाच बोटं, सगळं. स्वतःच्या उंचीचंही सांगितलं. 

"म्हणजे आपण चांगल्या नाही आहोत?" जिराफने विचारलं. पहिल्यांदाच तिची मान खाली होती.

मॅडमना गोड काहीतरी बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. कॉलेजलाही माहीत नाही. आज कळेल."

भिंगरीने विचार केला. तिला तो करताना फारसं कुणी बघितलं नव्हतं. "म्हणजे पाच बोटं वर टाकायचं. एवढंच ना?"

"एवढंच."

"आणि श्वास, मॅडम?"

"घ्यायचा," मॅडम म्हणाल्या. "जगायला लागतो तेवढा."

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्याच हसल्या आणि मॅडमना कळलं की या खेळणार.

सुरुवात भयंकर झाली. मुलींनी इतकं मनावर घेतलं की बॉल बोर्डाच्याही वरून जायला लागले. एक पायऱ्यांवर बसलेल्या आजोबांच्या मांडीत पडला. त्यांनी तो परत द्यायला नकार दिला, कारण आधी कुणीतरी माफी मागावी असं त्यांचं म्हणणं होतं. भिंगरी वर जाऊन माफी मागून आली आणि येताना त्यांच्याशी ओळखही करून आली. दुसऱ्या डावापासून बॉल रिंगच्या आसपास पडायला लागले. मध्यंतरानंतर आत जायला लागले. जिराफ एकेक टाकायची आणि हवेतल्या हवेत बोटांनी अंतर मोजल्यासारखं करायची. मॅडम स्टुलावर होत्या, पण बसलेल्या नव्हत्या. ओरडायचं होतं, पण काय ओरडावं तेच कळेना. इतकी वर्षं त्या ओरडत आल्या, आणि आज पहिल्यांदा मुली त्यांच्या सांगण्याशिवाय काहीतरी शोधून काढत होत्या. बघत राहण्याखेरीज काही काम उरलं नव्हतं. चांगलं वाटत होतं ते. थोडं एकटंही.

शेवटी हरण्या-जिंकण्यात एकाच बास्केटचा फरक उरला. बॉल जिराफच्या हातात आला. तिने उंच टाकला, अगदी हवा तेवढा उंच. बॉल रिंगच्या कडेवर बसला, कडेकडेने फिरला, आत डोकावला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली.

 खोलीत भिंगरी बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "ही रिंग ना…" आणि थांबली. तिने मॅडमकडे बघितलं. "काही नाही."

"बोल," मॅडम म्हणाल्या. "यंदा सूट आहे."

मग मुलींनी रिंगला अशा शिव्या घातल्या की दाराबाहेर उभी होकायंत्र आत येऊन ऐकत बसली, आणि तिने दोन स्वतःच्याही घातल्या.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या त्या हरल्याचं सांगायला. वाटेत वार्ताहर भेटला आणि मागोमाग आला. त्याला बाहेर बाकावर बसवून त्या आत गेल्या.

"वाईट झालं," प्राचार्य म्हणाले. चेहरा त्यांनी तसा केला होता. "चषकही नाही. आता हॉलचं आपलं ठरल्याप्रमाणे…"

"सर, एक सांगायला हवं. आम्ही इथे जिंकलो तेही फारसं खरं नव्हतं." मॅडमनी सगळं सांगितलं. सांगितल्यावर त्यांना हलकं वाटलं. वजन टेबलाच्या पलीकडे गेलं होतं.

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. "म्हणजे नव्या फ्लोअरमुळे? अध्यक्षांनी उद्घाटन केलेल्या?"

"हो. तुम्हीच निवडला होता ना?"

"बाहेर कोण बसलंय?"

"तो वार्ताहर. श्वासाचं छापलं होतं ना, तोच."

"त्याला काय सांगणार तुम्ही?"

"विचारेल ते," मॅडम निरागसपणे म्हणाल्या. खोटं बोलायचा त्यांना कंटाळा होता, आणि आपण आत्ता धमकी देतोय हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

प्राचार्य पाणी प्यायले, त्यांनी कपाळ पुसलं, खिडकीबाहेर बघितलं. "मॅडम, रिंगेची उंची बघणं कुणाचं काम असतं?"

"प्रशिक्षकाचं. माझंच. चुकलं माझं, सर."

"नाही, नाही, तसं नाही. मी पुढचं बोलतोय. पुढच्या वर्षी प्रशिक्षकच नसला, तर असे घोळ कोण बघणार? पद भरायलाच हवं. कसं?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे रिंगेचं आपल्या दोघांत. त्याला सांगा, मुली शर्थीने लढल्या."

"लढल्याच, सर."

"मग तेच सांगा."

मॅडमनी तेच सांगितलं. 'मुली शर्थीने लढल्या' हा मथळा आला, फोटो मात्र चुकून रांगोळीच्या चषकाचा आला.

पदासाठी होकायंत्राने अर्ज केला. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, तगडा संघ सोडून इथे का. ती म्हणाली, "सर, मी इथल्याच रिंगमध्ये पहिला बास्केट मारलाय." कुठल्या रिंगमध्ये, ते तिने सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी मॅडमनी तिच्या हातात हॉलची किल्ली दिली. स्टूलही दिलं. मुली रडत होत्या. भिंगरी रडताना बोलतही होती, त्यामुळे कुणालाच काही कळत नव्हतं. मॅडमना वाटलं होतं या क्षणी काहीतरी मोठं बोलावं. त्या होकायंत्राला म्हणाल्या, "दोन्ही रिंगा मी काल स्वतः उभी राहून वर घेववल्या. पाच बोटं. तुला बघायचं कारण नाही."

"तुम्ही केल्यात म्हटल्यावर कशाला बघू, मॅडम?"

सुट्टी लागली. सुट्टीत प्राचार्यांनी, कुणाला कळू नये म्हणून, नेहमीचा सोडून दुसरा फिटर बोलावला आणि दोन्ही रिंगा पाच बोटं वर घ्यायला लावल्या.

नव्या वर्षाचा पहिला सामना घरच्या फ्लोअरवर झाला. मॅडम आणि त्यांचा नवरा पहिल्या ओळीत बसले होते. मध्यंतरापर्यंत दोन्ही संघांना मिळून एकही बास्केट झाला नाही. होकायंत्राने मुलींना गोळा केलं आणि रिंगला दोष द्यायचा नाही असं बजावलं.